नव्या रिव्हॉल्वरमधली काजळी

निवृत्त पोलिसाला लोक केस सांगायला लावतात. दरोड्याची सांगतो, अपहरणाची सांगतो, चहा येतो, मंडळी खूश होतात. ही एक मात्र मी वर्षानुवर्षं टाळली. ती घटना विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण बारीकसारीक तपशिलासकट आठवते. परवा एका लग्नात शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "बड़ा गणपतीच्या मागे ते फौजी राहायचे ना, ज्यांच्या पिस्तुलातून गोळी सुटली होती." मी जिलेबी संपवून उठलो. घरी आल्यावर लिहायला बसलो.

तेव्हा मी त्या भागातल्या थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, टी.आय., म्हणजे प्रमुख होतो. नवरात्र चालू होतं. आरतीनंतर गरब्याच्या पंडालाबाहेर दोन गटांत बाचाबाची झाली, कोणीतरी गोळी झाडली आणि ती एका ढोलवाल्याच्या पोटरीला चाटून गेली. जखम किरकोळ, पण गोळी काही सापडली नाही. वरून फोन सुरू झाले.

सकाळी आमचा मुखबिर, म्हणजे खबऱ्या, आला. "साब, पीछे की गली वाले फौजी काका ने नया घोड़ा लिया है. और भोंगे को लेके पंडालवालों से लड़ भी चुके हैं." घोडा म्हणजे रिव्हॉल्वर.

फौजी काका सैन्यातून निवृत्त झालेले. घराण्यात संस्थानच्या काळापासून शिपाईगिरी. सराफ्यातल्या एका दुकानावर ते बंदूकधारी गार्ड होते. वडिलांची जुनी दुनाळी बंदूक खांद्याला जड होऊ लागली, म्हणून ती विकून त्यांनी लायसन्सवर रिव्हॉल्वर घेतलं होतं. त्या लायसन्सवरच त्यांची नोकरी होती.

आम्ही झडतीला गेलो, तर काकूंनी दारातच अडवलं. "बूट बाहेर. आत घट बसलेत." सगळी पोलीस पार्टी मोज्यांवर आत गेली. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. काकूंनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

रिव्हॉल्वर देव्हाऱ्याशेजारी, डब्यात, कागदात गुंडाळलेलं. मी टॉर्च धरून नळीत पाहिलं. काळी. सिलिंडरच्या तोंडाशी काजळीची वर्तुळं. पांढरा रुमाल फिरवला, तो काळा झाला. पंचनाम्यात लिहिलं, शस्त्र चालवल्याच्या खुणा स्पष्ट. रिव्हॉल्वर सील करून मालखान्यात जमा केलं.

थान्यात काकांना समोर बसवलं.

"काका, गोळी कधी झाडली?"

"झाडलीच नाही हो. काडतुसंच अजून घेतली नाहीत. दुकानात सील फोडून नंबर तपासला, तो डबा तसाच ठेवलाय."

"मग काजळी कुठून आली?"

ते गोंधळले. "तेच समजत नाहीये, साहेब. मीही तुमच्याबरोबरच पाहिली ती."

"फौजी माणूस नवं हत्यार आणतो आणि उघडूनसुद्धा बघत नाही?"

"खंडेनवमीला उघडणार होतो. आमच्यात नवं शस्त्र त्या दिवशी पुसतात, तेल देतात, हळदकुंकू वाहतात, आणि मगच हातात घेतात. तुम्ही तर आपलेच आहात. तुमच्याकडे नसतं का असं?"

असतं. माझी आई त्या दिवशी विळी आणि वडिलांचं पेन पूजेत मांडायची. तरी मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "फौजी असून खोटं बोलता? लाज वाटत नाही?"

उत्तर आलं ते काकूंकडून. त्या डबा घेऊन दारात उभ्या होत्या, आणि माझं वाक्य त्यांनी ऐकलं होतं.

"साहेब, रागवायचं तर रागवा. पण आधी साबुदाण्याची खिचडी खाऊन घ्या. उपाशी माणूस जास्त ओरडतो."

हवालदार तोंड फिरवून हसला. खिचडी सगळ्यांना पुरेल एवढी होती.

मी काकांना सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी घरी सोडायचो. दिवसभर ते व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे. रस्त्यावरून जाणारा सगळा मोहल्ला त्यांना बघायचा. थान्याला मात्र त्यांची सवय झाली. शिपायांचे पट्टे ते नीट करून द्यायचे. एकाला म्हणाले, "भिया, हा सॅल्यूट आहे का माश्या हाकलतोस?" हवालदार मला हळूच म्हणाला, "साब, काका छूट गए तो खिचड़ी भी बंद हो जाएगी."

खंडेनवमीला आमच्या थान्यातही शस्त्रपूजा झाली. रायफली ओळीने मांडल्या, फुलं वाहिली. आरतीत सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता. आरती संपल्यावर ते जवळ आले. "साहेब, माझ्या त्या रिव्हॉल्वरवर दोन फुलं वाहू देता का?"

"सील केलेला माल आहे, काका."

"हो, बरोबर," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

केस फुटली ती मोबाइलमुळे. एका मुलीने मैत्रिणीच्या गरब्याचा व्हिडिओ काढला होता. त्यात मागे, खांबाशी, पंडालच्या आयोजकाचा भाचा हात वर करून उभा दिसला. हातात देशी कट्टा. त्याला आणलं, व्हिडिओ दाखवला, तर तो रडायलाच लागला. कट्टा त्याच्या गच्चीवर टाकीमागे मिळाला. ढोलवाल्यानेही त्याला ओळखलं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण ती काजळी डोक्यातून जाईना. मी काकांनी खरेदी केली त्या दुकानात गेलो आणि त्याच बनावटीचा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडायला लावला. नळी काळी. सिलिंडरवर तीच वर्तुळं.

दुकानदार म्हणाला, "नया है साब, तभी तो काला है. कारखाने में हर नग चला के देखते हैं, फिर वैसा ही डब्बे में रख देते हैं. साफ तो लेनेवाला घर जाके करता है."

मी आयुष्यभर शस्त्रं हाताळली, काकांनीही. पण आम्हा दोघांना मिळाली ती शस्त्रागारातून, काकांची दुनाळी वडिलांकडून, सगळी आधी दुसऱ्यांनी वापरलेली, पुसून तेल दिलेली. कारखान्यातून थेट आलेलं कोरं हत्यार आम्ही कधी उघडलंच नव्हतं. बारूद जळल्याशिवाय काजळी धरत नाही, एवढं दोघांना ठाऊक होतं, आणि ते खरंच होतं. फरक असा की त्यांना उत्तर सापडेना तेव्हा ते "समजत नाही" म्हणाले. मला सापडेना तेव्हा मी त्यांना खोटारडं ठरवलं. तपासात मला हे शिकायला नोकरीची बरीच वर्षं लागली, की प्रामाणिक माणसाकडेही कधी कधी उत्तर नसतं.

इथवरची चूक मी कदाचित कबूलही केली असती. पुढची केली नाही. अहवालात ही काजळी कारखान्यातली आहे असं लिहिलं असतं, तर वरच्यांनी विचारलं असतं, दुकानात आधीच का गेला नाहीत? म्हणून मी काकांबद्दल एकच ओळ लिहिली, "साक्ष्य के अभाव में", म्हणजे पुराव्याअभावी, कार्यवाही नाही. त्या ओळीवर लायसन्सची फाइल अडकली. ती सुटेपर्यंत सराफाने दुसरा गार्ड ठेवला होता.

रिव्हॉल्वर परत घ्यायला काका आले, तेव्हा सही करता करता त्यांनी विचारलं, "काजळीचं काही कळलं का हो?"

"तपासात काही निष्पन्न झालं नाही," मी म्हणालो.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला घरी बोलावलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो. घरात पाहुणे होते. काकांनी माझा हात धरून मला पुढे बसवलं आणि सगळ्यांना म्हणाले, "हेच ते साहेब. यांनी खरा आरोपी शोधला, नाहीतर मी आज आत असतो." काकूंनी ताट वाढलं. पुरण माझ्या पानात दोनदा आलं. मी जेवलो, नमस्कार केला आणि निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत काका सोडायला आले. तिथे आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "येत जा अधूनमधून." मी मान हलवली.

त्यानंतर माझी बदली झाली. आधी काका गेले, मग काकूही. आता ऐकायला कोणी नाही, तरी ते गल्लीच्या तोंडाशी म्हणायचं राहिलेलं इथे लिहितो. काका, तुम्ही गोळी झाडली नव्हती. ती काजळी कारखान्यातली होती, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं. खोटं मी बोललो. मला माफ करा.