दांडीवरचे बोंबील

नवापूरच्या मावशींच्या जेवणाबद्दल मी घरात पुष्कळदा बोललो आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगायची वेळ आली की इतकी वर्षं मी विषय बदलत आलो. परवा नात स्पेनहून आली. तिथल्या एका गल्लीत तिला फक्त गावचेच लोक जेवतात अशी खाणावळ सापडली होती. "पत्ता मात्र कुणाला देणार नाही," ती म्हणाली. सगळे हसले. मला हसता आलं नाही.

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. मी साताऱ्याकडचा, तिथे भांडारात कारकून. आम्ही घाटावरची पोरं बोईसरच्या एका मेसमध्ये जेवायचो. आमटीत डाळ शोधावी लागे. एका रविवारी समुद्र बघायला सायकलवरून नवापूरला गेलो आणि परतताना एका पडवीतून असा वास आला की पाय आपोआप जमिनीला टेकले.

चुलीपाशी बसलेल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, "वाट चुकलास का भूक लागली?"

"भूक."

"मंग सायकल कशाला धरून उभा? ती नाय जेवणार."

ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. बोंबील इतका मऊ की काटा बोटाने अलगद सुटून यायचा. त्या दिवशी मी किती भाकऱ्या हाणल्या, हे मावशींनी गावभर सांगितलं. पुढे मी वळणावर दिसलो की बायका ओरडायच्या, "पीठ जास्त काढ गो, घाटावरचा आलाय!"

होडी आली की मावशी आधी पडवीत पैसे देऊन जेवणाऱ्यांचा वाटा बाजूला काढायच्या. बाकीची मासळी पाटीत भरून, पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजाराला चालत जायच्या. वाट्याचे बोंबील खायला कुणी आलं नाही, तर जबड्यात जबडा अडकवून ते बांबूच्या दांडीवर वाळत पडायचे.

एकदा गुडघा चोळत त्या म्हणाल्या, "तुजी माणसं आण रे पोरा. रोज पाच-दहा जेवली ना, तर ही पाटी मी कायमची खाली ठेवीन."

"आणतो की, मावशी!"

त्याच संध्याकाळी मेसमधल्या एकाने माझी बोटं हुंगली. "लेका, कुठं जेवून येतोस? आम्हालाही ने की!"

मला डोळ्यांसमोर पडवी दिसली. तिथे ही सगळी मांडी घालून बसलेली, आणि माझा चुलीजवळचा कोपरा गेलेला. मी म्हणालो, "नको रे बाबा. पोट बिघडतं तिथं. मी दोनदा आजारी पडलो."

माशाला आधीच बिचकणारी पोरं ती. तेवढं पुरलं. चार दिवसांत ते साऱ्या कामावर पसरलं.

मावशी मात्र माझ्या शब्दावर रोज जास्तीचा वाटा काढत राहिल्या. "लाजत असतील," त्या म्हणायच्या. "येतील." मी मान हलवायचो आणि आणखी एक भाकरी मागायचो. खरं सांगायचं तर कालवणाची चव तसूभरही कमी लागत नव्हती. माझ्या तरुणपणातले सर्वांत सुखाचे घास तेच. वर बघितलं की दांडी बोंबलांनी भरलेली दिसायची, म्हणून मी ताटातच बघायचो.

हळूहळू वाटा एका माणसापुरता झाला.

माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी मावशींनी कोलंबी केली आणि निघताना सुक्या बोंबलांचा पुडा हातात ठेवला. "आईला दे. तुज्या माणसांसाठी काढलं होतं. ती आली नायत, म्हणून वाळवलं."

मग त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली. "जरा हात लाव रे पाटीला."

मी पाटी उचलली. ओली, जड. ती चुंबळीवर बसेपर्यंत आम्ही अगदी समोरासमोर होतो, चारही हात पाटीला. सकाळपासून एक वाक्य मी जिभेवर घोळवत होतो. तोंड उघडलंही.

"बसली," मावशी म्हणाल्या. "बरा राहा, पोरा. जेवत जा नीट." आणि बोईसरच्या वाटेला लागल्या.

मावशी, माझी माणसं लाजत नव्हती. त्यांना मी अडवलं. मला माफ करा.