निफाड ते नाशिक: तनूच्या तपासणीची दुसरी खेप

या ब्लॉगवर तुम्ही आजवर माझ्याकडून गडकिल्ले वाचत आलात. कुठून चढायचं, पाणी कुठे मिळतं, कोणत्या गावात जेवण सांगून ठेवायचं. निफाड ते नाशिक हे काय प्रवासवर्णन लिहिण्याचं अंतर आहे का, असं तुम्ही म्हणाल. जेमतेम चाळीस किलोमीटर. पण हा प्रवास आम्ही दोनदा केला आणि पहिल्यांदा तो माझ्यामुळे वाया गेला. ज्यांना आपल्या लेकराला घेऊन याच कामासाठी जायचंय, त्यांनी निदान माझा गाढवपणा वाचून निघावं.

माझी मुलगी तन्वी, घरातली तनू, पाच वर्षांची आहे. तिला शब्द येतात, पण स्वतःला काय हवं ते ती सांगत नाही. हाक मारली तर वळत नाही. साडेतीन वर्षांची असताना अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, एकदा नाशिकला दाखवून आणा. मी शिक्षक माणूस. माझ्याच मुलीबद्दल मला दुसऱ्या कोणी सांगावं, याचा मला भयंकर राग आला. तरी नेलं, पण नेण्याआधी एक उद्योग केला. एका मित्राच्या भाचीची अशीच तपासणी झाली होती. तिथे काय काय विचारतात ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि पंधरा दिवस तनूकडून घोटून घेतलं. लाल ठोकळा दे, नाक दाखव, डोळे दाखव, टाटा कर. बरोबर केलं की हातावर चिरमुरे. परीक्षाच ना शेवटी, आणि माझ्या हाताखालचं मूल नापास कसं होईल?

तिथे तनूने सगळं धडाधड करून दाखवलं. घरी कशी वागते, हे विचारल्यावर मीच बोललो. बायकोला, अर्चनाला, तोंड उघडू दिलं नाही. 'सध्या काळजीचं कारण दिसत नाही, सहा महिन्यांनी परत आणा' असा कागद मिळाला. मी गल्लीत पेढे वाटले आणि सहा महिन्यांनी परत नेलं नाही.

दीड वर्षाने बालवाडीतून फोन आला. तनू भिंतीवर डोकं आपटते, बाकीची मुलं घाबरतात, उद्यापासून पाठवू नका. मी फोनवरच त्या बाईंशी भांडलो. अर्चनाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीय. तुम्ही आला नाहीत तरी मी एसटीने जाईन." लग्नाला नऊ वर्षं झाली, एवढ्या शांतपणे ती कधी बोलली नव्हती.

सकाळी सातला गाडी काढली. द्राक्षांच्या दिवसांत याहून उशिरा निघू नका. क्रेट लादलेल्या पिकअप सगळा रस्ता अडवतात आणि समोरून लासलगावकडे निघालेले रिकामे ट्रक अंगावर येतात. चांदोरीपर्यंत बरं होतं. शिलापूरच्या अलीकडे वाहतूक थांबली आणि तनूने किंचाळायला सुरुवात केली. गाडी चालू असली की ती खूश असते, थांबली की तिचं डोकं फिरतं. अर्चनाने तिला घट्ट धरून ठेवलं. नांदूर नाक्यापर्यंत अर्चनाच्या मनगटावर दातांचे वळ उठले होते.

नाशिकला आलात तर मिसळ खा, असं मी एरवी लिहिलं असतं. आम्हीही बसलो. आत मिक्सर सुरू झाला आणि तनू कान दाबून टेबलाखाली शिरली. शेजारचा गृहस्थ पाव मोडता मोडता म्हणाला, "पोरीला जरा वळण लावा." एरवी मी त्याची कॉलर धरली असती. पण हेच वाक्य मी पालकसभेत कितीतरी आईबापांना ऐकवलंय. ताट तसंच टाकून आम्ही उठलो. तुम्ही डबा घरूनच न्या.

दवाखाना गंगापूर रोडला आहे. गाडी लावायला अर्धा तास धरा. फी फोनवर आधी विचारून ठेवा, आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ काढून जा, कारण ही तासाभराची गोष्ट नाही. बाहेर मालेगावच्या एक बाई आपल्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात शंभर पानी वही. अर्चनाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सब लिख के लाई हूँ भाभी. सोना, खाना, मारना, सब. छुपाने से किसका नुकसान? बच्ची का ही ना." अर्चना माझ्याकडे न बघता "हो ना" म्हणाली.

आत तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम जमिनीवर सतरंजी घालून बसल्या होत्या. तनू एका खेळण्यातल्या गाडीचं चाक फिरवत राहिली. मॅडमनी तीनदा हाक मारली, तिने ढुंकून पाहिलं नाही. मग त्यांनी ठोकळ्यांचा डबा उघडला. कोणी काही सांगायच्या आत तनूने लाल ठोकळा उचलून मॅडमच्या हातावर ठेवला. नाकाला बोट लावलं, डोळ्यांना लावलं, समोरच्या भिंतीला टाटा केला. सगळं मी शिकवलं होतं त्याच क्रमाने, कोणाकडेही न बघता. मग चिरमुऱ्यांसाठी हात पुढे केला.

"सर, हे घरी शिकवून घेतलंय का?" मॅडमनी विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. खरं सांगतो, जिभेवर आलंही होतं, कारण 'नाही' म्हटलं की कदाचित पुन्हा तसलाच कागद मिळेल, असं मला क्षणभर वाटलं. मग मी होय म्हणालो. मागच्या वेळचंही सगळं सांगितलं.

त्यानंतर अर्चना पाऊण तास बोलली. तनू रात्रीची किती झोपते, फक्त कोरडी पोळी कशी खाते, कपड्याचा टॅग टोचला तरी स्वतःला कशी ओरबाडते. यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही एकाच घरात राहतो.

दुपारी ऐकण्याची तपासणी झाली. कान उत्तम निघाले. संध्याकाळी मॅडमनी आम्हाला समोर बसवलं. ऑटिझम आहे, आणि सौम्य म्हणावा असा नाही. समजेतही ती वयाच्या बरीच मागे आहे. औषधाने बरं होणारं हे नाही, आठवड्यातून तीनदा थेरपीला आणावं लागेल, तेही वर्षानुवर्षं.

"दीड वर्षापूर्वीच कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तर दीड वर्ष आधी सुरुवात झाली असती," मॅडम म्हणाल्या. "किती फरक पडला असता हे मी सांगू शकत नाही. पण ते दिवस तिच्या कामाचे होते."

जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: मुलाला काही शिकवून नेऊ नका, आणि घरात त्याच्यासोबत जो दिवसभर असतो त्याला बोलू द्या.

घरी आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "काय म्हनले डॉक्टर?" मी तिला समजेल असं सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर दृष्ट काढते म्हणेल. तिने सूप खाली ठेवलं आणि तनूला जवळ घेतलं.

"मला दोन वर्सांपासून दिसतंय, भाऊ. अर्चनालाबी दिसतंय."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुला कसं बोलायचं रे? तू आला का पोरीला मागच्या खोलीत न्यायचो आम्ही. तू लय चिडतो. भ्या वाटायचं आम्हाला तुझं."

मी उंबऱ्यापाशीच खाली बसलो. अर्चना दारात थांबून माझ्याकडे बघत होती, आता मी चिडतो की काय म्हणून.