लेथवरचा एक तास

चिंचवडच्या एका यंत्रांच्या कारखान्यात मी कामगार कल्याण विभागात कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. दर सोमवारी एक निवृत्त टर्नर माझ्याकडे यायचा. बोलताना तो अंगठा बोटांवर घासत राही, जणू घडवलेल्या लोखंडाचा गुळगुळीतपणा तपासतो आहे.

कारखान्याने त्याच्या गावच्या विहिरीवर हातपंप बसवून दिला होता. हारतुरे झाले, फोटो निघाला. पुढे पंप बिघडला की म्हातारा स्वतःच तो दुरुस्त करी. पण आता आतला दट्ट्याच फुटला होता आणि बायका पुन्हा ओढ्याचं गढूळ पाणी भरत होत्या.

“मला काय बी नको, साहेब,” तो म्हणायचा. “माज्या जुन्या लेथवर तासभर उभं ऱ्हाऊ द्या. दट्ट्या मीच करतो.”

मी तीनदा अर्ज वर पाठवला. शेवटी मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “तो आता आपला कामगार नाही. आणि यंदा पंप दुसऱ्या गावाला द्यायचाय.”

त्या पावसाळ्यात त्याच्या गावात पटकी आली. तो आणखी एकदाच आला.

“आता घाई न्हाई, साहेब,” तो म्हणाला. “नात गेली.”

एवढं सांगून तो परतला.

गेटवरचा पहारेकरी माझ्या ओळखीचा होता. सुट्टीच्या दिवशी मी म्हाताऱ्याला गुपचूप आत नेऊ शकलो असतो. हे मला फार उशिरा सुचलं, असं मी लोकांना सांगतो. खरं तर ते पहिल्याच सोमवारी सुचलं होतं.