बंदीच्या महिन्यांतली पाहणी

"आता मासोळी कुठून आणू बाई? अंडे घालून राहिली तलावात. जाळे बंद आहेत," छपरीत बसलेली मासोळीवाली आईला सांगत होती.

"मंग माह्या पोरीले सांगतो, तुह्या समुद्रातून धाड म्हणून."

"ते? ते त घरातच बोलत नाही. समुद्रवाले काय ऐकतीन तिचं?"

दोघी हसल्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर होते, मीटिंगमध्ये, माइक बंद करून. एरवी असं बोलणं मला लागतं. त्या दिवशी लागलं नाही. जाळी बंद आहेत, एवढंच ऐकलं आणि माझ्या अहवालातलं एक वाक्य आठवलं.

मुर्री या आमच्या गावातल्या घरून मी मुंबईच्या एका सल्लागार कंपनीचं काम करते. एका परदेशी बंदरासाठी समुद्राचा तळ खोदायचा होता. गाळ शेजारच्या देशाच्या पाण्याकडे वाहत जाण्याची शक्यता होती, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे आधी परिणाम तपासायचे आणि निष्कर्ष कळवायचे. अहवालातलं शेजारच्या देशावरचं प्रकरण माझ्याकडे होतं. त्यात पाहणी पथकाच्या छापील इंग्रजी नोंदीवरून मीच लिहिलं होतं, की पलीकडच्या पाण्यात मासेमारी आढळली नाही, त्यामुळे त्या देशाला वेगळं कळवण्याची गरज नाही. खाली माझं नाव.

परिशिष्टातल्या त्या पाहणीच्या तारखा उघडल्या. मग त्या देशाचा मासेमारीबंदीचा आदेश शोधला. तेच दोन महिने. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असणार. तलावाच्या गावात वाढलेल्या मला हे आधीच सुचायला हवं होतं. पण छापील इंग्रजी वाक्य मला शाळेपासून खरंच वाटत आलं आहे.

अहवाल दुपारी जाणार होता. माझी नोकरी अजून कच्ची, महिनाअखेरीस पक्की व्हायची. गप्प राहिले असते तर इथे कुणाला कळलं नसतं. पलीकडच्यांना कळलं असतं, ते जाळ्यात गाळ आल्यावर. दोनदा माइकच्या खुणेवर बोट नेलं, दोनदा मागे घेतलं.

"कुणाचं काही राहिलंय?" मीटिंग घेणाऱ्या आमच्या सरांनी विचारलं. "नाही ना? मग पाठवतो."

मी माइक सुरू केला.

"सर, माझं प्रकरण चुकलंय. पाहणी मासेमारीबंदीत झाली आहे. ती पुन्हा करावी लागेल, आणि त्या देशाला कळवावंही लागेल. तोवर अहवाल पाठवू नका."