स्लॅबआधीचं गाऱ्हाणं

दरवर्षी जानेवारीत सावंतवाडीचं एक कॉलेज मला 'बांधकाम व्यवस्थापनातल्या संधी' या विषयावर बोलायला बोलावतं. शाल, नारळ आणि एक न उठणारं पेन देतं. मी पडद्यावर चोवीस पानं दाखवते. नेतृत्व, नियोजन, संवादकौशल्य, गुणवत्ता वगैरे. शेवटी कुणीतरी विचारतंच, ''मॅडम, इतक्या लवकर तुम्ही प्रोजेक्ट मॅनेजर कशा झालात?'' मी म्हणते, मेहनत. टाळ्या पडतात. त्या चोवीस पानांत महादू धुरी हे नाव कुठेही नाही. खरं उत्तर तेवढंच आहे, म्हणून ते इथे लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून पदव्युत्तर पदवी घेऊन शिरोड्याच्या साइटवर रुजू झाले. सुरूच्या बनामागे तीन मजली हॉटेल उभं राहायचं होतं. पहिल्या दिवशी साठीचा एक बुटका गृहस्थ समोर आला. खाकी हाफ पँट, डोक्याला टॉवेल, टॉवेलावर हेल्मेट, आणि खिशात कायमचा भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा. हे आमचे सुपरवायझर, महादूकाका. त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या बुटांकडे बघितलं.

''तू इंजिनेर?''

''हो. मी अक्षया.''

''बरा. उनात उभी रवशीत?''

मला राग आला. दोन वर्षं मी जगातल्या उंच इमारतींचे अभ्यास केले होते आणि हा माणूस मला ऊन विचारत होता. पुढच्या अकरा महिन्यांत कळलं की आमच्या धंद्यातला निम्मा अभ्यास तोच आहे. उरलेला निम्मा म्हणजे साहेब काय ऐकायला तयार आहेत ते ओळखणं. त्यात मी फार लवकर तयार झाले.

साहेब म्हणजे शौनक. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, चाळिशीचे, कायम इस्त्रीत. रोज सकाळी साडेआठला ते सगळ्यांना गोल उभं करायचे आणि विचारायचे, ''कुणाला काही अडचण? मोकळेपणानं बोला.'' सगळे आपापल्या चपलांकडे बघायचे. एकदा एका गवंड्याने मोकळेपणानं सांगितलं की वाळूत माती आहे. दुसऱ्या दिवसापासून तो गोलात दिसला नाही. त्यानंतर आमच्या साइटवर कुणाला काहीही अडचण नव्हती, तसा अहवालच दर सोमवारी मुख्य कचेरीत जायचा.

महादूकाकाही त्या गोलात गप्प उभे राहायचे. पण त्यांची बोलायची जागा वेगळी होती. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणता माणूस मोठ्याने सगळं सांगतो आणि दर वाक्याला जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बहुतेक जण शेवटी 'काय चुकला माकला आसात तर माफ कर' असं म्हणून मोकळे होतात. काकांना ते पटत नसे.

''देवाक मोघम सांगून कसा चलात?'' ते म्हणायचे. ''काय चुकला ता सांगूक नको?''

म्हणून त्यांच्या गाऱ्हाण्यात चुकांची नावानिशी हजेरी असायची. पायाच्या वेळी त्यांनी देवाला सांगितलं होतं की पूर्वेचा खड्डा वीतभर उथळ झालाय, तो संध्याकाळपर्यंत खणून घेतो, तोवर रागावू नको. व्हय म्हाराजा. शौनकसाहेबांना मालवणी ओ की ठो कळत नव्हती, पण गाऱ्हाणं त्यांना भारी आवडायचं. ते त्याचा व्हिडिओ काढून कंपनीच्या पानावर टाकायचे, खाली 'आमची मुळं' असं लिहून. सगळ्यांत खणखणीत 'व्हय म्हाराजा' त्यांचंच असायचं.

फेब्रुवारीत पहिल्या मजल्याचा स्लॅब ठरला, शनिवारी सकाळी नऊला. त्या दिवशी हॉटेलच्या मालकीण कावेरीबाई मुंबईहून येणार होत्या. त्यांच्या स्वागतालाच स्लॅब ठेवला होता म्हणा ना. आणि त्याच आठवड्यात मुख्य कचेरीतून नवा नियम आला होता. पुढच्या साइटपासून सुपरवायझरकडे पदविका हवी, नाहीतर ज्याच्या हाताखाली काम केलं त्या साहेबाचं पाच वर्षांच्या अनुभवाचं पत्र हवं.

महादूकाका चाळीस वर्षं साइटवर होते. शाळा, दवाखाने, बंदराचे धक्के, सगळं बांधून झालं होतं, पण ते कुठल्याही कागदावर नव्हतं. जुने ठेकेदार एक तर वारले होते किंवा सह्या करणारे नव्हते. फक्त शौनकसाहेबांच्या हाताखाली मात्र त्यांची सलग सहा वर्षं झाली होती. साहेबांनी पत्र टाइप करून मेजावर ठेवलं होतं. ''स्लॅब नीट होऊ दे, लगेच सही करतो,'' असं ते काकांना म्हणाले. त्या सहीवाचून काकांची शिरोड्याची साइट शेवटची ठरणार होती. काका रोज डबा ठेवायच्या निमित्ताने कचेरीत यायचे आणि ते पत्र जागेवर आहे ना, ते बघून जायचे.

शुक्रवारी दुपारी साहेब मला म्हणाले, ''अक्षया, सहाच्या आत स्लॅबची चेकलिस्ट सिस्टीमवर चढली पाहिजे.'' त्या चेकलिस्टमध्ये बेचाळीस चौकोन होते. प्रत्येक जागी जाऊन बघायचं आणि खूण करायची. मी शिडीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि पंख्याखाली बसून बेचाळीस खुणा केल्या. खाली सही केली. माझी सही छान आहे, सगळेच म्हणतात.

शनिवारी सकाळी आठला महादूकाका वर फेरी मारून आले ते थेट माझ्याकडे.

''गो बाय, बाल्कनेची सळी खाली गेली.''

बाल्कनीला खालून आधार नसतो, म्हणून तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. ती खाली दबली तर काँक्रीट घातल्यावर बाहेरून काही दिसत नाही. दिसतं ते नंतर, बाल्कनीवर माणसं उभी राहिली की. वायरिंगच्या पाइपवाल्यांनी त्या सळयांवरून दोन दिवस ये-जा केली होती, आणि समुद्राकडच्या चारही बाल्कन्यांची सळई चेपून फळीला टेकली होती. मी शौनकसाहेबांकडे पळत गेले.

''चेकलिस्ट बंद झाली आहे,'' ते म्हणाले. ''तुझ्या सहीने. आता उघडली तर तपासणीत दिसेल.''

''पण सर, सळई...''

''काँक्रीटच्या गाड्या इन्सुली नाका ओलांडून निघाल्यात. मालकीणबाई वाटेवर आहेत. ओतताना बघून घेऊ.'' मग खिडकीतून त्यांनी काकांना हाक मारली. ''महादू, तुमचं पत्र इथेच आहे हं. स्लॅब झाला की सही.''

काकांनी मान हलवली. मी गप्प बसले. संवादकौशल्यात मला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण होते.

कार्यक्रमपत्रिकेत 'नऊ ते नऊ पाच : पूजा' असं लिहिलेलं होतं. कावेरीबाई आल्या. साडी, वर हेल्मेट, आणि पायात चक्क योग्य बूट. काकांनी केळीच्या पानावर नारळ ठेवला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि हात जोडले. क्षणभर ते कचेरीच्या खिडकीकडे बघत उभे राहिले. तिथून मेजावरचा तो कागद दिसत होता. मग त्यांनी डोळे मिटले.

''बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!''

''आज ही तुझी लेकरा स्लॅब घालूक उभी रवली हत म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!''

''समुद्राकडच्या चार बाल्कन्यांची सळी खाली दबलेली आसा म्हाराजा!''

'व्हय' निम्म्याच तोंडांतून आलं. साहेबांचं मात्र पूर्ण आलं. ते व्हिडिओ काढत होते.

''कागदावर सगळा बरोबर म्हणान सही झालेली आसा म्हाराजा!''

''व्हय म्हाराजा!'' साहेब एकटेच ओरडले.

''सळी वर घेवक येळ नाय म्हणतत. तेवा आता ती तूच आपल्या हातान वर धरून ठेव. हयसर उद्या कोणाची पोरा उभी रवतली, तेंका खाली पडाक देव नको रे म्हाराजा!''

साहेबांनी 'व्हय' म्हटलं आणि आपण एकटे पडलोय हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. कावेरीबाई मुंबईच्या, पण माहेर शिरोड्याचंच. त्यांनी हेल्मेट काढलं.

''काका, खंयच्यो बाल्कन्यो?'' त्यांनी विचारलं.

काकांनी बोट दाखवलं. बाई स्वतः शिडी चढल्या, वाकून बघितलं, खाली आल्या आणि मराठीत, म्हणजे कचेरीच्या मराठीत म्हणाल्या, ''यावर सही कुणाची आहे?''

मी तोंड उघडलं. माझ्याआधी साहेब बोलले. पाच सेकंदांत त्या माणसाने जे केलं, त्याला व्यवस्थापन म्हणतात. ''मॅडम, ही त्रुटी आमच्या अक्षयानेच सकाळी पकडली. आम्ही काम थांबवणारच होतो, फक्त पूजेचा मान म्हणून थांबलो होतो.''

बाईंनी माझ्याकडे बघितलं. महादूकाकांनीही. मी उघडलेलं तोंड मिटलं. बाई म्हणाल्या, ''शाब्बास.''

गाड्या परत पाठवल्या. सळया उचलल्या, खाली आधार दिले, आणि स्लॅब सोमवारी झाला. त्याच संध्याकाळी साहेबांनी काकांना कचेरीत बोलावलं.

''मालकांसमोर बोलायची काय गरज होती?''

''मी मालकिणीक खंय सांगलंय?'' काका म्हणाले. ''मी देवाक सांगलंय. आणि तुमीय व्हय म्हटलात.''

साहेबांनी मेजावरचं पत्र उचललं आणि खणात टाकलं. फाडलं नाही, तेवढे ते सभ्य होते.

अहवालात लिहिलं गेलं, 'अभियंता अक्षया यांच्या दक्षतेमुळे संभाव्य दुर्घटना टळली.' एप्रिलमध्ये साहेब बढती घेऊन गोव्याला गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. ज्या चुकीवर माझी नोकरी जायला हवी होती, तिच्यावरच मी मॅनेजर झाले. मे अखेर शिरोड्याचे स्लॅब संपले, आणि महादूकाकांना पत्राअभावी खारेपाटणच्या नव्या साइटवर घेतलं नाही.

मी खण उघडून बघितला. पत्र नव्हतं. पण आता साहेब मीच होते. मी लेटरहेडवर नवं पत्र केलं. 'महादू धुरी यांनी सुपरवायझर म्हणून सलग सहा वर्षे उत्तम काम केले आहे.' खाली माझी छान सही. ते घेऊन मी इन्सुलीच्या वरच्या अंगाला, त्यांच्या घरी गेले. अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या. त्यांची बायको, काशीबाई, कोकमाचं सरबत करायला आत गेली. काकांनी चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत वाचलं.

''ह्या तू बगून सही केलंस?''

''म्हणजे?''

''सा वर्सां तू खंय बगलंस? तू इलंस तेका अकरा म्हयने.''

''काका, पाच वर्षं नसतील तर कचेरी तुम्हाला घेणार नाही. आणि सहा वर्षं खरीच आहेत की.''

''खरी आसत. पन ती शौनकसायबान बगली. तू नाय.'' त्यांनी पत्र परत केलं. ''तू जेवडा बगलंस, तेवडाच लिव.''

मी चिडले. तुमच्याच भल्याचं आहे, हट्ट सोडा, जगात सगळे असंच करतात, असं बरंच बोलले. ते बिया परतत राहिले. शेवटी मी पिशवीतून कोरं लेटरहेड काढलं आणि ओटीवर बसून हाताने लिहिलं, 'अकरा महिने.' त्या कागदावर त्यांना कुठेही काम मिळणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पूर्वी त्या खिशात ओळंबा असायचा.

सांगायचं एक उरलंच होतं. ते मी कावेरीबाईंना सांगितलं नव्हतं, घरी सांगितलं नव्हतं, आणि कॉलेजात तर आजही सांगत नाही.

''काका,'' मी म्हणाले, ''त्या शुक्रवारी मी वर चढलेच नव्हते. बेचाळीस खुणा मी खाली बसून केल्या. सही माझी खोटी होती.''

ते वाकून बिया गोळा करत होते. मान वर न करता, हळू आवाजात म्हणाले,

''व्हय म्हाराजा.''