शकूची मॅच आणि माझं हैदराबाद

मी हैदराबादला एकदा आठ दिवस राहिलो होतो. एवढ्या एका भांडवलावर मी पुढची सहा वर्षं सेलूत हैदराबादचा जाणकार म्हणून वावरलो. (आठांपैकी पाच दिवस मी हिवतापानं मित्राच्या खोलीवर पडून होतो, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.)

त्यामुळं माझ्या धाकट्या बहिणीची, शकूची, बास्केटबॉलची मॅच हैदराबादला ठरली तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही गंभीर चेहरा करून भिंतीकडं पाहिलं. जबाबदार माणसं असंच करतात.

शकू परभणीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. साडेपाच फुटांच्या वर उंची. आमच्या नात्यात ही उंची एक दुखणं समजली जायची. कॉलेजात मात्र खेळाच्या सरांनी तिला पाहिलं आणि थेट मैदानावर नेलं. तीन वर्षांत ती विद्यापीठाच्या मुलींच्या संघात गेली. तो काळ नामांतराचा. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव वातावरण तापलेलं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा एसटी येईल का नाही याचा भरवसा नाही. शकू सांगायची, आमच्या बारा जणींतही नावावरून दोन बाजू हायेत, भांडणं होतेत, पण चेंडू आमी सगळ्या एकमेकींनाच देतो.

तिला पुढं अमरावतीला जाऊन खेळाच्या शिक्षिकेचा कोर्स करायचा होता. इथं गाडी अडली होती. भावकीतले लोक अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, येता-जाता टोचायचे. "पोरीनं चड्डी घालून चेंडू हाणायचा, अन् वर त्याचंच शिक्षण घ्यायचं?"

अण्णा शेतकरी माणूस. आठ एकर कोरडवाहू, कमी बोलणं आणि बोलले की बोललेलं पाळणं. त्यांनी शकूला सांगितलं, "मी तुझा खेळ पाहीन, मग ठरवीन. न पाहता हो म्हणणार न्हाई, अन् न पाहता न्हाईबी म्हणणार न्हाई."

म्हणजे शकूचं पुढचं आयुष्य त्या एका मॅचवर होतं. आणि तिथवर अण्णांना पोचवायचं काम माझ्यावर! आता हे वाचताना तुम्हाला काळजी वाटत असेल. तेव्हा मला वाटली नाही, हेच खरं दुखणं.

निघायच्या आदल्या दिवशी मी अण्णा, माय आणि आत्याबाई या तिघांना ओसरीवर बसवून शहरात वागायचे नियम सांगितले. (आत्याबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. त्यांना कुणी चल म्हटलं नव्हतं. त्या फक्त तयार होऊन बसल्या होत्या.)

"कुणालाच काही विचारायचं न्हाई," मी म्हणालो. "विचारलं की त्यांना कळतंय, हे बाहेरचे हायेत. मग ते आपल्याला फिरवतेत."

"रस्तासुद्दा?" मायनं विचारलं.

"रस्ता तर अजिबात न्हाई! मी हाय ना. दुसरं, वर बघत चालायचं न्हाई. इमारतीकडं तोंड वासून बघितलं की झालंच. रिक्षात बसायचं न्हाई, ते लांबून नेतेत. तिथलं पाणी प्यायचं न्हाई, घरूनच पाण्याची कापडी छागल भरून न्यायची. अन् चालताना लय ठाव असल्यावानी चालायचं."

अण्णा म्हणाले, "मला उर्दू येतंय, भास्करा. निजामाच्या शाळेत सातवीपस्तोर..."

"अण्णा, उर्दू आता कोण बोलतंय?" मी म्हणालो.

हैदराबादला जाणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. मला आजही हे वाक्य आठवलं की पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटतं. अण्णांनी मात्र 'बरं' म्हटलं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर त्यांनी उर्दूची पुस्तकं पेटीच्या तळाला घातली होती आणि त्या भाषेचं नाव घरात क्वचितच काढलं होतं. हैदराबादला तर ते कधी गेलेच नव्हते. ज्या शहराची वर्णनं लहानपणी धड्यांमधून पाठ केली ते साठीला आल्यावर पहिल्यांदा पाहणार होते, आणि मी त्यांना वर बघू नका म्हणून सांगत होतो.

सकाळी साडेआठला गाडी हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनाला लागली. शकूचं पत्र माझ्या खिशात होतं. ती संघाबरोबर चार दिवस आधीच गेली होती. पत्रात लिहिलं होतं, 'मॅच सकाळी दहाला, किंग कोठीजवळच्या मैदानावर.'

कोठी मला माहीत होती! मित्र मला तापाच्या पाचव्या दिवशी कोठीला डॉक्टरकडं घेऊन गेला होता. आता तिच्या आधी 'किंग' कशाला? मी विचार केला. किंग म्हणजे राजा. राजे गेले, कोठी राहिली. प्रश्न मिटला.

"चला," मी म्हणालो, आणि लय ठाव असल्यावानी चालायला लागलो.

पाऊण तास चाललो. छागल गळकी निघाली आणि आत्याबाईंच्या लुगड्याची डावी बाजू घोट्यापर्यंत ओली झाली. त्या बिचाऱ्या दर दहा पावलांनी थांबून पदर पिळत होत्या. एक मोठा चौक गेला, एक मशीद गेली, फळांच्या गाड्या गेल्या. मग समोर एक घुमटांची देखणी इमारत दिसली.

माय म्हणाली, "भास्करा, हे आपुन उतरलो तेच टेसन दिसायलंय."

"शहरात सगळी स्टेशनं सारखीच असतेत, माय."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. वखारीत कापूस भिजलेला दिसला की ते असं बघायचे.

दुसऱ्या खेपेला मात्र आम्ही खरोखर कोठीला पोचलो. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मैदान शोधायलाही फार लागलं नाही. एका मुलींच्या कॉलेजच्या आवारात बास्केटबॉल चालूच होता, आणि त्यात एक निळा संघ होता. शकूचा संघ निळा! मी तिघांना पायऱ्यांवर बसवलं आणि घाम पुसला.

"ती बघा शकू. निळ्यात. लांबडी."

आत्याबाईंनी आधी खेळच समजून घेतला. "त्या टोपलीला बूड न्हाई का रे?"

"नसतंय, आत्याबाई."

"मग त्यात कशाला टाकायल्यात? खाली पडंल की!"

"पडण्यासाठीच टाकतेत."

यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. मग भाचीसाठी तो प्रश्न सोडून दिला आणि उभ्या राहून ओरडायला सुरुवात केली, "शके! हाण! सोडू नको तिला!"

लांबडी पोरगी दचकून वळली. पुन्हा खेळायला लागली. आत्याबाई पुन्हा ओरडल्या. तिनं लाजून हात हलवला.

माय डोळे बारीक करून पाहत होती. तिला लांबचं कमी दिसायचं. "भास्करा, तोंड मला दिसत न्हाई. पण शकू असं पाय घासत पळत न्हाई रे."

"माय, सिमेंटवर असंच पळावं लागतंय."

"अन् केस?"

"कापले असतील."

"माझ्या शकूनं केस कापले?" माय रडकुंडीला आली. तेवढ्यात अण्णा फाटकावरच्या पाटीकडं बोट करून म्हणाले, "भास्करा, त्या पाटीवर उर्दूत जे लिवलंय ना..."

"अण्णा! वर बघायचं न्हाई म्हणलं होतं ना?"

अण्णांनी बोट खाली घेतलं. दिलेला शब्द पाळणारा माणूस! मुलगा मूर्ख असला तरी.

अर्धा तास आम्ही त्या मुलीला मनापासून प्रोत्साहन दिलं. खेळ थांबला तेव्हा ती धापा टाकत सरळ आमच्याकडं आली, आत्याबाईंपुढं वाकली आणि तेलुगूत काहीतरी बोलली. परक्या गावात आपल्याला एवढ्या मायेनं हाका मारणारी बाई कोण, हे बघायला ती आली असावी. आत्याबाईंनी तिला जवळून न्याहाळलं. मग गाठोडं सोडून तिच्या हातावर एक धपाटं ठेवलं आणि माझ्याकडं वळल्या.

"भास्करा, ही पोरगी लय गुणाची हाय. पण आपली न्हाई."

दहा चाळीस झाले होते.  कुठंतरी याच शहरात शकू खेळत होती. आम्ही येणार म्हणून वारंवार बाहेर बघत असणार. आणि मला रस्ता माहीत नव्हता, कुणाला विचारायची हिंमतही नव्हती.

अण्णा उठले. फाटकाबाहेर गेले. बाहेर पदपथावर जुनी पुस्तकं पसरून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अण्णा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. ढिगातलं एक फाटकं उर्दू पुस्तक त्यांनी उचललं, मधलंच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. आधी अडखळत. मग सरळ.

मी अण्णांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. तो आमच्या घरातला आवाजच नव्हता. एखादा शाळकरी पोरगा मास्तरांपुढं उभा राहून धडा म्हणतो तसं ते म्हणत होते.

म्हाताऱ्यांनी चष्मा वर केला. "कहाँ के हो, भाई?"

"परभणी जिले के. सेलू."

"अरे, तो फिर अपनेच हुए ना!"

"जनाब," अण्णा म्हणाले, "मेरी बच्ची का खेल है. किंग कोठी में. हम देर से हैं, और गलत जगह हैं."

एवढंच! तीन वाक्यं. म्हातारे पटकन उभे राहिले. "ये तो कोठी है, साब. किंग कोठी अलग है, हैदरगुडे की तरफ. आप लोगां को यहाँ कौन लाया?"

अण्णांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मग त्या म्हाताऱ्यांना म्हणाले, "रास्ता भूल गए."

म्हाताऱ्यांनी दुकान शेजाऱ्याच्या हवाली केलं, दोन सायकलरिक्षा थांबवल्या, दोन्ही रिक्षावाल्यांना नीट पत्ता सांगितला. मायला आणि आत्याबाईंना हात देऊन वर चढवलं. एका चढावर आमचा रिक्षावाला दमला तेव्हा मी खाली उतरून मागून ढकललं. दिवसभरातलं माझं तेवढंच काम उपयोगाचं झालं.

आम्ही पोचलो तेव्हा मॅचची चार मिनिटं उरली होती.

या खेपेला मी काही दाखवलं नाही. मायच म्हणाली, "ती बघ." शकूची लांब वेणी पाठीवर उसळत होती. समोरच्या धिप्पाड मुलीचा धक्का बसून ती आडवी पडली, गुडघा फुटला. माय उठायला लागली तशी अण्णांनी तिच्या हातावर हात ठेवला. शकू उठली, रक्त पुसलं, धक्क्याबद्दल मिळालेले दोन चेंडू टाकायला रेषेवर जाऊन उभी राहिली. पहिला चेंडू टोपलीच्या कडीला लागून बाहेर गेला. दुसरा टाकण्याआधी तिनं एकदा बाहेर पाहिलं, सवयीनं पाहावं तसं. आणि तिला आम्ही दिसलो. ती हसली नाही. चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि टाकला. तो कडीला न शिवता आत गेला.

तरी शकूचा संघ हरला.

खेळ संपल्यावर ती लंगडत आमच्याकडं आली. "कवा आलात?"

"आल्तोच की मघाशी," माय म्हणाली.

"शेवटची चार मिनिटं पाहिली," अण्णा म्हणाले.

शकूचा चेहरा पडला. "पहिल्या डावात मी चांगली खेळले होते, अण्णा. लय चांगली. दर वेळेला बाहेर बघत होते." आणि ती रडायला लागली. मॅच हरल्यावर रडली नव्हती. मी माझ्या चपलांकडं बघत उभा राहिलो.

अण्णांनी तिचा फुटलेला गुडघा पाहिला. मग म्हणाले, "शके, मी खेळ पाहून ठरवीन म्हणलं होतं."

"हो."

"पाहिलाच न्हाई. मग ठरवायचा हक्क मला कुठं राहिला? तूच ठरीव."

शकूला आधी समजलंच नाही. समजल्यावर तिनं फुटक्या गुडघ्यानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला, आणि त्यांनी तिला मध्येच उचललं. अण्णा आमच्यापैकी कुणाला असं जवळ घेत नसत. आत्याबाईंनी ओला पदर डोळ्यांना लावला.

परतीची गाडी दुपारनंतर होती. अण्णांनी मधला सगळा वेळ शहर पाहण्यात घालवला. दिसेल त्याला काहीतरी विचारत, आणि मान वर करून. मी छागल घेऊन मागं चालत होतो.

शकू अमरावतीला गेली. पुढं एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. तिच्या हाताखालच्या मुली जिल्ह्यात नाव काढतात. मी कधीकधी हळूच म्हणतो की मी त्या दिवशी वेळेवर पोचवलं असतं तर अण्णा काय म्हणाले असते, सांगता येत नाही. यावर घरात कुणी काही बोलत नाही. त्याला मी होकार समजतो.

मात्र तेव्हापासून मी रस्ता सांगणं सोडलं. एकदाच मोह झाला. आमच्या जावईबापूंना, म्हणजे शकूच्या नवऱ्याला, सेलूहून पुण्याला जायचा जवळचा रस्ता सांगितला. ते अतिशय सज्जन गृहस्थ. त्यांनी सोलापूरहून मला आभाराचं पत्र पाठवलं.