जनकाबाईची मधली सुट्टी

नवरा भिवाजी गेल्यावर त्याच्या जागेवर जनकाबाई शाळेत शिपाईण म्हणून लागली, त्याला बारा वर्षं झाली होती. पाणी भरणं, वर्ग झाडणं ही तिची कामं. पण तिचं राज्य सुरू व्हायचं ते मधल्या सुट्टीत. लिंबाला टांगलेल्या लोखंडाच्या तुकड्यावर तिनं हाणलं की लेकरं घाईघाईनं भाकरी संपवून मैदानात. खो-खोचे दोन खांब तिनंच रोवलेले, चुन्याच्या रेघाही तिच्याच. "मावशी, ह्यो बाद का?" या प्रश्नाचं उत्तर शाळेत दुसरं कुणी द्यायचं नाही, हेडसरसुद्धा.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये शाळेत खिचडी सुरू झाली. शिजवायला आली शेजारच्या तांड्यावरची रूपाबाई. आठवड्यातच मैदान ओस पडलं. घंटा झाली की रांग, मग पंगत, मग ताटं धुणं. तेवढ्यात सुट्टी संपायची. वर हेडसरांचा हुकूम, "जेवल्यावर कुणी पळायचं नाही. पोटात कळ येते."

जनकाबाई खांबाला टेकून बघत राहायची. "मावशी, मला अजून थोडी," ही हाक आता चुलीकडे जायची, आणि तिचा जीव जळायचा.

"काय घालती गं त्या खिचडीत?" तिनं एकदा विचारलंच.

"तांदूळ, मुगाची डाळ, हळद. काहून?"

"लेकरं भुलून राहिली, म्हणून म्हणलं. बारा वर्षं माझ्यापाशी होती."

"माझ्यापाशी न्हाई आली हो बाई, पातेल्यापाशी आली," म्हणून रूपाबाई हसली. ते हसणं जनकाबाईला दिवसभर टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं घंटा दहा मिनिटं आधी द्यायला सुरुवात केली. लवकर सुट्टी झाली म्हणून तक्रार करणारा गुरुजी काही शाळेत नव्हता. लेकरं बाहेर यायची, खिचडी कच्ची असायची, मग खो-खो सुरू. जनकाबाई पंचाच्या जागेवर उभी राहून चुलीकडे बघायची. रूपाबाई धुरात डोळे पुसत फुंकर मारत असली की हिचा आवाज आणखी चढायचा.

महिन्याभरानं हेडसर चुलीपाशी आले. "रोज उशीर, रूपाबाई. पुढच्या महिन्यात दुसरी बाई बघतो."

रूपाबाई खाली मान घालून ढवळत राहिली. सर गेल्यावर जनकाबाईला म्हणाली, "भिंतीची सावली या दगडाला आली की तुमची घंटा व्हायची. आता दोन वीत अलीकडंच होती. मला बराबर दिसतं, बाई."

जनकाबाईनं विचारलं, "मग सरांना काहून न्हाई सांगितलं?"

"माझी मिना खेळून राहिली ना. घरी गेली की शेरडं अन् धाकटा भाऊ. पळती ती तेवढी दहाच मिनटं."

जनकाबाईला तिचा जास्तच राग आला. खिचडी झाली, लेकरं झाली, आता चांगुलपणातही हीच पुढं. त्या रागातच ती ऑफिसात शिरली.

"सर, खिचडीला उशीर न्हाई होत. घंटा मी लवकर देते."

"कशाला?"

"मैदान मोकळं बघवंना."

"मेमो देऊ का तुम्हाला?"

"द्या. पण लेकरं आधी पळू द्या, मग जेवू द्या. कळ बी येणार न्हाई."

सरांनी मेमो दिला. आणि सोमवारपासून आधी वीस मिनिटं खेळ, मग पंगत, असंही ठरवलं.

सोमवारी खो-खो रंगला. मिना खांबाला वळसा घालून निसटली. मागच्या पोरीचा हात तिला लागला नव्हता, हे जनकाबाईनं स्वच्छ पाहिलं होतं.

"मिना बाद."

"न्हाई मावशी, हात लागलाच न्हाई."

"बाद म्हणलं ना."

पोरीनं आईकडे बघितलं. जनकाबाई कंबरेवर हात ठेवून वाट बघू लागली. आता ही बोलेल, मग आपणही बोलू, महिन्याभराचं सगळं एकदाच.

रूपाबाईनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "मावशी म्हणल्या ना बाद? मग बाद. ये इकडं, ताटं मांड."

एवढं भांडणसुद्धा त्या बाईनं तिला करू दिलं नाही.